मागच्या चाकाचा नट

नट फिरला नाही. त्यानं पाना लावला, मनगटाला हलका झटका दिला, आणि पाना जिथल्या तिथं राहिला. झटका मात्र उलटा येऊन त्याच्याच कोपरात बसला. सकाळचे सात वाजले होते. चहा व्हायच्या आत पाच-दहा मिनिटं मागच्या खोलीत येऊन मोटरसायकलीजवळ बसायची त्याला सवय होती, तसा तो बसला होता. हा नट मागच्या चाकाचा. काल संध्याकाळी त्यानं तो नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता, कारण चेनचा ताण अजून बघायचा होता, आणि तेवढ्यात बायकोनं जेवायला हाक मारली होती. हे त्याला स्वच्छ आठवत होतं. हाक आठवत होती, चिंध्यांना पुसलेली बोटं आठवत होती, उद्या सकाळी आधी हे करू असं मनाशी म्हटलेलंही आठवत होतं. आणि आता तो नट असा बसला होता की गुडघा टेकून दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठं कुरकुरत सुटला. कुणीतरी आवळला होता. घाईघाईनं नाही, चुकूनही नाही. जाणत्या हातानं, पाहिजे तेवढा. तो तसाच उकिडवा बसून राहिला. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला, नळ सुरू होऊन बंद झाला, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली.

पाल चुकचुकणं हा तसा त्याचा व्यवसायच होता. वजनमापं तपासणारा निरीक्षक म्हणून त्याची बावीस वर्षं झाली होती. बाजारात त्याला सगळे काटेसाहेब म्हणत. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, वजनाच्या पोटातला कोरलेला आणि मेणानं बुजवलेला खळगा, तराजूच्या दांडीला नकळत लागणारा अंगठा, सगळं त्याच्या नजरेखालून गेलेलं. पण काटा बघायच्या आधी तो माणसाचा चेहरा बघायचा. ज्याच्या काट्यात काही नाही तो दुकानदार कंटाळलेला असतो, कधी चिडलेला असतो. ज्याच्या काट्यात काही आहे तो फार अगत्यानं वागतो, खुर्ची पुसून देतो. बावीस वर्षांत ही नजर ऑफिसच्या कपाटात ठेवून घरी येणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी चहाला बसला तेव्हा त्यानं आधी बायकोकडं बघितलं, मग सासऱ्यांकडं. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाकावर ओळीनं बसवायचं, डोळे उघडू नका म्हणून सांगायचं, हे तिचं काम. सासरे वर्षापूर्वी सासूबाई गेल्यावर इथं राहायला आलेले. चाळीस वर्षं एका कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस. उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. दिवसभर पुढच्या खिडकीशी पेपर घेऊन बसायचे, आणि जावयाशी बोलायचे ते पाहुण्यानं बोलावं तसं, मोजकं.

“काल कुणी मागच्या खोलीत गेलं होतं का?” त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मी केर काढायला गेले होते,” बायको म्हणाली. “का?”

“काही नाही. पाना जागेवर नव्हता.”

“तुमचं सामान मी हलवत नाही. हलवलं की तुम्ही दोन दिवस बोलत नाही.”

सासऱ्यांनी बशीतला चहा संपवला, ओठ पुसले, आणि म्हणाले, “आणखी थोडा घेता का? कपात राहिलाय माझ्या.” वर्षभरात त्यांनी कधी त्याला चहा विचारला नव्हता.

मोटरसायकलीला दीड वर्ष झालं होतं. तिची चॅसी भंगारवाल्याकडं गंजत पडलेली, इंजिन दुसऱ्याच एका गाडीचं, टाकी तिसरीची, पुढचा दिवा कशाचा होता ते देवालाच ठाऊक. वेल्डिंगवाला तर पहिल्या दिवशीच म्हणाला होता, “साहेब, सगळं जोडून देतो, पण हिच्या बापाचं नाव काय लावायचं?” त्या वेल्डरकडं उभं राहून त्यानं चॅसीची मागची बाजू नऊ इंच कापून घेतली होती, कारण त्याच्या डोक्यात जी आकृती होती ती आखूड होती, वाकलेली, उडी मारायच्या बेतात असलेल्या जनावरासारखी. टाकी त्यानं स्वतः रंगवली. गडद हिरवी, ब्रशनं, झाकणासकट, तीन हात. पहिला हात वाळल्यावर पॉलिशपेपर, मग दुसरा, मग पुन्हा पॉलिशपेपर. रविवारच्या रविवार तो त्या खोलीत असायचा, आणि त्या खोलीत असताना तो कुणाचाच नसायचा. रॉकेल आणि ग्रीसच्या वासात त्याच्या खांद्यांमधली दिवसभराची गाठ सुटायची. लहानपणी वडील त्याला घड्याळ उघडून दाखवायचे आणि हात लावू द्यायचे नाहीत. तो मागं हात बांधून बघायचा, श्वाससुद्धा बाजूला सोडायचा. आता कुणी नको म्हणणारं नव्हतं. या एका वस्तूतला प्रत्येक स्क्रू त्याच्या हातून गेलेला होता, म्हणून जगात निदान एका वस्तूबद्दल तरी आपल्याला काही शंका नाही असं त्याला वाटत आलं होतं. त्या नटानं तेवढंही ठेवलं नाही.

आणि त्यातून गाडी बंद पडायला लागली होती. पहिल्या किकला सुरू व्हायची, आवाज गोल, एकसारखा. कॉलनीच्या रस्त्यावर तो तिला फिरवायचा. शाळेच्या भिंतीवरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून. आठ मिनिटं, दहा मिनिटं, कधी पंधरा. मग तिचा दम तुटायचा. आधी एक आचका, मग दुसरा, मग नुसतं चाकांचं सरसरणं आणि भोवतीची अचानक मोठी झालेली शांतता. तो उतरायचा, पेट्रोल आहे ना म्हणून झाकण उघडून आत बघायचा, पेट्रोल असायचं, झाकण लावायचा, कपाळ पुसायचा, किक मारायचा, आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. त्यानं प्लग बदलला. कॉइल बदललं. कार्ब्युरेटर तीनदा उघडून त्याची बारीक भोकं तारेनं साफ केली. पेट्रोलची नळी नवी टाकली. ऑफिसात ठेवतो तशी वही ठेवली, तारीख, वेळ, किती मिनिटांनी बंद. वहीतून एक विचित्र गोष्ट निघाली. टाकी भरलेली असली की गाडी लवकर बंद पडते, अर्धी असली की उशिरा. पोट भरलेलं असताना चक्कर यावी तसं. असलं काही कुठल्याच यंत्रात होत नाही, तेव्हा हे यंत्रातलं नव्हे, इथं दुसरंच काही पाणी मुरतंय, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. त्यानं टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून खिडकीत ठेवलं, कुणी पाणी मिसळलं असेल तर तळाशी थर दिसेल म्हणून. थर दिसला नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आवाजाबद्दल दोनदा कुरबूर केली होती, तो आठवडाभर त्यांच्या चपलांकडं बघत राहिला. मग त्यानं बायकोची नखं रंगवायची लाल बाटली उचलली आणि सगळ्या महत्त्वाच्या नटांवर बारीक रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी चॅसीवर. नट जराही फिरला तर रेघ तुटेल. चोवीस रेघा. मुद्दाम त्यानं दोन नट अर्धवट सैल ठेवले, एक ब्रेकच्या दांड्याचा, एक हँडलखालचा. बाजारात तो गिऱ्हाईक बनून सापळा लावायचा, तीच ही जुनी युक्ती.

दोन दिवसांनी दोन्ही रेघा तुटलेल्या होत्या. सैल ठेवलेले दोन्ही नट घट्ट होते. बाकीच्या बावीस रेघा जशाच्या तशा.

त्याला राग यायला हवा होता. पण आली ती एक थंड, जवळजवळ सुखद जाणीव, पुरावा हाती आल्यावर येते ती. म्हणजे आपण वेडे नाही. घरातलं कुणीतरी रोज या खोलीत येतं, गाडीचा नट न् नट चाचपतं आणि आपल्यासमोर मिठाची गुळणी धरून बसतं. तो आता घरातला प्रत्येक आवाज ऐकायला लागला. बायको वाढायला वाकली की तिच्या हाताला ग्रीसचा वास येतो का बघायचा. यायचा तो दवाखान्यातल्या स्पिरिटचा. एकदा तिनं विचारलं, “काय हुंगताय?” तो म्हणाला, “कुठं काय.” बापलेक बोलत असले आणि तो आत आला की बोलणं थांबतं, हे त्याच्या लक्षात आलं. पूर्वीही थांबत असेल, पण पूर्वी त्यानं मोजलं नव्हतं. नट आवळणारा आणि गाडी बंद पाडणारा हात एकच असणार, हे त्यानं धरूनच चाललं होतं. का, ते कळत नव्हतं. रात्री अंथरुणावर तिची पाठ शेजारी असायची, झोपेतसुद्धा जरा ताठ, आणि त्याला वाटायचं, या बाईला माझ्याबद्दल नक्की काय माहीत आहे?

कारण माहीत असण्यासारखं एक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यानं घरी सांगितलं होतं की दौरा आहे, एक मोठा वजनकाटा तपासायला बाहेरगावी जायचंय. पिशवी भरली, निघाला, आणि स्टँडवर जाऊन एसटीत बसलाच नाही. स्टँडमागच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. घरापासून चालत वीस मिनिटांवर. तिथं तो तीन दिवस राहिला. कुणी बाई नव्हती, दारू नव्हती, काही नव्हतं. लोखंडी पलंग, हिरवट भिंत, शेजारच्या खोलीतल्या माणसाचा खोकला. तो झोपला, उठला, छताकडं बघत पडला, संध्याकाळी खाली जाऊन जेवून आला. तिसऱ्या दिवशी बादलीत सदरा धुतला, वाळवला आणि घरी आला. कसा झाला दौरा, तिनं विचारलं. बरा झाला, तो म्हणाला. इतकं सोपं होतं ते. त्यानंतर कित्येक दिवस ती सफाई आठवून त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, आणि कौतुकाच्या तळाशी काहीतरी होतं, त्याच्याकडं त्यानं बघितलं नव्हतं. वर्षादीड वर्षानं भंगारवाल्याकडं ती चॅसी दिसली.

बुधवारी त्यानं अर्धी रजा टाकली आणि घरी सांगितलं नाही. दुपारी साडेबाराला मागच्या बोळातून, दुसऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींखालून वाकत तो मागच्या खोलीच्या खिडकीशी आला. स्वतःच्या घराच्या खिडकीशी असं चोरासारखं उभं राहताना त्याला काखेत घाम आला. आत सासरे उकिडवे बसलेले होते. डोळे मिटलेले. डावा हात गाडीवरून आंधळ्यासारखा चालला होता, नट सापडला की बोटं थांबायची, उजव्या हातातला पाना त्यावर बसायचा, किंचित दाब द्यायचा, आणि म्हातारा मान हलवून पुढं सरकायचा. आणि त्यांच्या मागं, पेटलेली बॅटरी धरून, बायको उभी होती. या वेळी ती दवाखान्यात असायला हवी होती.

“टाकी गच्च भरलीय,” सासरे म्हणाले. “आता दहा मिनिटंसुद्धा चालायची नाही. अगं, सांगून टाकू का त्यांना? एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस झुरणीला लागलाय. रंगानं झाकणाचं भोक बुजलंय, बस. हवा आत जात नाही, मग पेट्रोल खाली उतरत नाही. दारासमोर बंद पडली की झाकण उघडतात, तेव्हा सुस्कारा सुटतो, मला पुढच्या खिडकीत ऐकू येतो. त्यांना कसा येत नाही?”

“नका सांगू, बाबा.”

“किती दिवस?”

“बंद पडतेय तोवर घरी येतायत.”

तो चादरींखालून बाहेर आला आणि सरळ दारातून आत गेला. मनात वाक्यं तयार होती, पंचनाम्यासारखी, क्रमानं. पण खोलीत पाऊल टाकलं तेव्हा सासरे धडपडत उठायला लागले, त्यांचा गुडघा अडकला, आणि त्याला आधी त्यांचा दंड धरून त्यांना उभं करावं लागलं. दंड फार बारीक झाला होता.

“तुम्ही नट बोटांनी फिरवून सोडून देता,” म्हातारा खाली बघत म्हणाला. “परवा ब्रेकचाच सैल होता. विसरून तशीच काढली असती तर? पण तुम्हाला शिकवणारा मी कोण, म्हणून बोललो नाही.”

तो मुद्दाम ठेवला होता, तुम्हाला पकडायला, हे त्याच्या ओठांवर आलं आणि तिथंच सुकलं.

“आणि तू?” तो बायकोकडं वळला. “दवाखाना सोडून?”

“बुधवारी दुपारी दवाखाना बंद असतो. सहा वर्षं झाली.” तिनं बॅटरी विझवली. “तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

“महिनाभर मी या गाडीपायी डोकं फोडून घेतोय, आणि तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“का?”

तिनं गाडीच्या मागच्या बाजूवर हात ठेवला, जिथं चॅसी कापली होती. “इथं किती माणसं बसतात?”

त्यानं बघितलं. दीड वर्षात त्यानं ते हजार वेळा बघितलं होतं.

“मी ती आकृती म्हणून,” तो म्हणाला. “दिसायला बरी म्हणून.”

“असेल. तेव्हाचा दौरासुद्धा असेल कशासाठी तरी.” तिचा आवाज चढला नाही. “तुम्ही गेलात त्याच दिवशी माझ्या आईला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. मी तुमच्या ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, साहेब तीन दिवस रजेवर आहेत. तीन दिवस मी दाराकडं बघत होते. मग तुम्ही आलात आणि म्हणालात, दौरा बरा झाला. तुमचा सदरा धुतलेला होता, पण वास आपल्या घरच्या साबणाचा नव्हता. मी काही बोलले नाही. म्हटलं, सांगतील. मग तुम्ही ही एका माणसाची गाडी बांधायला घेतलीत.”

सासरे पाना पुसत राहिले, पुसून झाल्यावरही. त्याला खूप बोलायचं होतं. बाई नव्हती, कुणी नव्हतं, फक्त एक पलंग होता. पण हे आता कुठल्या तोंडानं सांगायचं, आणि सांगितलं तर खोटं बोलणाऱ्याच्या अगत्यासारखंच ते वाटेल, हे त्याला दिसत होतं. त्या दिवशी घरात तिघंही आपापलं जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सुई घेतली आणि झाकणाच्या आतल्या बाजूनं ते भोक शोधलं. हिरव्या रंगाचा एवढासा ठिपका, त्याच्याच ब्रशचा. सुई आरपार गेली. बायको दारात उभी होती, कामावर जायच्या साडीत.

“जाऊन या,” ती म्हणाली. “रजा टाका, हवी तर. एकदा काय ते होऊ दे.”

“मी परत येणार आहे.”

“मी काही विचारलं नाही.”

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, गाडी बंद पडली नाही. शाळेची भिंत गेली, पाण्याची टाकी गेली, ओळखीचे रस्ते संपले आणि गोदामं लागली, मग गोदामंही संपली. आवाज गोल होता, एकसारखा. प्रत्येक खड्ड्यात त्याला आपोआप वाटायचं, आता आचका येईल, आणि यायचा नाही. तासाभरानं एका फाट्यावर तो थांबला. दोन रस्ते, दोन्ही सारखेच चांगले. त्यानं इंजिन चालूच ठेवलं. तिथं उभं राहून त्यानं बाजारातली ती नजर स्वतःवर वळवून बघितली. तुला जायचं होतं का? तर आतून उत्तर यायच्या आधीच एक अगत्य पुढं आलं, छे छे, कुठं जायचंय, नुसती हौस. आणि ते अगत्य त्यानं ओळखलं. खरं म्हणजे दीड वर्ष तो जातच होता, रोज थोडा थोडा, मागच्या खोलीतून. आणि आता इथं, पुढं रस्ता मोकळा आणि गाडी ठणठणीत असताना, एक पाऊलही पुढं टाकावंसं वाटत नव्हतं. हेही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी खरी होती आणि त्यांतलं जड कुठलं ते त्याला सांगता येईना. वळणावर एक ट्रक हॉर्न देऊन गेला. त्यानं गाडी फिरवली.

घरी आला तेव्हा दुपार झाली होती. सासरे पायरीवर बसले होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “चालली?”

“चालली. ती?”

“कामावर गेली.”

“थांबली नाही?”

“मी म्हटलं होतं, थांब. म्हणाली, तेव्हा तीन दिवस थांबले होते, बाबा. पुन्हा नाही.” म्हातारा उठला, इंजिनवर तळहात धरून गरमी बघितली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या खांद्याला हात लावला. “तुम्ही जेवून घ्या.”

तो जेवला नाही. पाच वाजता गाडी मागच्या खोलीत ठेवून तो पायी निघाला. डोळ्यांच्या दवाखान्यासमोर तो लग्नानंतर दोनदा आला असेल. काचेतून बाक दिसत होता, त्यावर ओळीनं डोळे मिटून बसलेली माणसं, आणि ती एकेकाची हनुवटी वर करत पुढं सरकत होती. एका म्हातारीशी ती काहीतरी बोलली आणि हसली. ते हसू त्यानं फार दिवसांत बघितलं नव्हतं. सहाला ती बाहेर आली आणि त्याला बघून पायरीवरच थबकली.

“गाडी बंद पडली?”

“नाही. फाट्यापर्यंत गेलो. अजूनही गेली असती.”

“मग?”

चालत येताना त्यानं चार-पाच उत्तरं तयार केली होती. सगळी नेटकी होती. “मला नीट सांगता येत नाही,” तो म्हणाला.

तिनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, बराच वेळ, कपाळापासून हनुवटीपर्यंत. असं कुणी त्याला तपासलं नव्हतं. त्याला मान फिरवावीशी वाटली, पण तो उभा राहिला. मग ती चालायला लागली आणि तोही, अर्धं पाऊल मागं. रस्त्यावर घरी परतणाऱ्यांची गर्दी होती. औषधांच्या दुकानापुढं ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, “त्या तीन दिवसांत कुठं होतात?”

“स्टँडमागं एक लॉज आहे.”

“तिथं कोण होतं?”

“कुणी नाही.”

“खोटं.”

“कुणी नव्हतं. पलंग होता. शेजारी एक माणूस खोकत होता.”

“आणि तुम्ही काय करत होतात?”

“पहिल्या दिवशी,” तो म्हणाला, आणि थांबला, कारण हे त्यानं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. “पहिल्या दिवशी मी बूट न काढताच झोपलो. उठलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि मला कळेना, मी कुठं आहे. मग कळलं. आणि मला भीती वाटली नाही, याची भीती वाटली.” तो सांगत राहिला, अडखळत, मागं जाऊन दुरुस्त करत, खोलीचा नंबर, भिंतीचा रंग, दुसऱ्या दिवशी घराच्या कोपऱ्यापर्यंत येऊन कसा परत फिरला ते. घराकडं वळायचा रस्ता आला. ती वळली नाही, सरळ पुढं चालत राहिली. त्याच्या लक्षात आलं, पण तो थांबला नाही. अजून तिसरा दिवस सांगायचा राहिला होता.